पहिल्या वाक्यापुढची खूण

मी सत्तावीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात काढली आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मी तिथे सुपरवायझर होतो, असं माझ्या मुलीच्या सासरी सगळ्यांना माहीत होतं. हॉस्पिटलला मात्र याची कल्पना नव्हती. हॉस्पिटलच्या कागदोपत्री मी धुलाई कामगार होतो आणि माझ्या अंगावरचा निळा डगलाही तेच सांगायचा. म्हणून तो डगला मी मुलीच्या सासरच्या वाटेने कधी घालून गेलो नाही.

ही थाप मी लग्नाच्या बोलणीच्या वेळी मारली. जावयाचे वडील पूर्वीच गेलेले, त्यामुळे सगळी बोलणी त्याच्या आईच करत होत्या. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. पाठ ताठ, चष्मा नाकावर खाली, आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत पापणी न हलवता बघत बसायच्या. त्यांनी विचारलं, "आपण हॉस्पिटलमध्ये काय करता?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे." बायकोने पदर सारखा केला. मुलगी जमिनीकडे बघायला लागली. आता थाप मारायचीच होती तर मॅनेजर तरी म्हणायचं, पण खोटं बोलतानासुद्धा माझी उडी एकाच पायरीची.

त्या दिवसापासून आमच्या घरातली तीन माणसं ही एक थाप सांभाळत बसली. सर्वांत जास्त मुलगी, कारण राहायचं तिला होतं त्या घरात. ती माहेरी आली की म्हणायची, "बाबा, काहीही करा, पण आईंसमोर मला खोटं पाडू नका. त्या मला मुलीसारखं वागवतात." मी मान डोलवायचो. मान डोलवणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

मग माझी छाती कुरकुरायला लागली. आमच्याकडे इस्त्रीचा एक लांबलचक रोलर आहे, त्यातून ओली चादर एका बाजूने घालायची आणि दुसऱ्या बाजूला दोघांनी धरून घडी करायची. दिवसभर वाफ. हॉस्पिटलच्याच डॉक्टरांनी तपासून सांगितलं की रोलरवर यापुढे उभं राहायचं नाही. मी विचारलं, मग कुठे उभं राहू? ते म्हणाले, ते ऑफिसला विचारा. ऑफिसने सांगितलं, वाफेपासून लांब अशी विभागात एकच जागा आहे, काचेच्या खोलीतली, सुपरवायझरची. जुने सुपरवायझर निवृत्त होताहेत. परीक्षा द्या, पास झालात तर बसा. नाही झालात तर मुदतीआधी निवृत्ती घ्या आणि घरी बसा. परीक्षा इंग्रजीत, कारण मशीनची पुस्तकं इंग्रजीत, साबणाच्या पिंपांवरच्या सूचना इंग्रजीत आणि वरच्या मजल्यावरची माणसंही जमेल तेवढी इंग्रजीत.

म्हणजे सहा वर्षांपूर्वी फुकटात घेतलेलं पद आता मला कष्ट करून मिळवायचं होतं.

शाळेत इंग्रजीचं आणि माझं कधी पटलं नव्हतं. त्यात व्याकरणाशी तर बोलणंच नव्हतं. क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण ही नावं ऐकली की मला एकाच घरातले तीन भाऊ वाटायचे, चेहरे सारखे आणि कोण थोरला ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मी बाजारातून एक पुस्तक आणलं आणि जेवणानंतर ते छातीवर ठेवून झोपायला लागलो. झोप चांगली लागायची.

एक दिवस मुलीच्या तोंडून सासूसमोर निसटलं की बाबा इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करताहेत. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला.

"व्याही, परीक्षा आहे म्हणे तुमची. कसली?"

माझी पाचावर धारण बसली. सुपरवायझर माणूस सुपरवायझरची परीक्षा कशी देईल? मी म्हटलं, "ते... वरिष्ठ सुपरवायझर म्हणून एक पद निघालंय."

"असं का. मग गुरुवारी चारला या. वही नवी आणा, दोनशे पानी."

विचारणं नव्हतंच ते. वरिष्ठ हा शब्द मी तिथल्या तिथे शिवून लावला होता आणि तो माझ्या आयुष्यातला विशेषणाचा पहिला स्वतंत्र वापर होता, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी मला सुट्टी असायची. विहीणबाईंच्या घरी जावयाचं लहानपणचं अभ्यासाचं टेबल अजून खिडकीशी होतं. त्याच्यापुढच्या बुटक्या खुर्चीत मला बसवलं. माझे गुडघे टेबलाखाली मावेनात, म्हणून ते बाहेर काढून मी तिरका बसलो. पंचावन्नाव्या वर्षी जावयाच्या खुर्चीत, त्याच्या आईपुढे, नवी वही उघडून. मुलगी चहा घेऊन आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरत आत पळाली.

"दहा वाक्यं लिहा," बाई म्हणाल्या. "तुम्ही कोण आणि रोज काय करता. स्पेलिंगची काळजी नको."

मी घाम पुसत लिहिलं. पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात: आय अ‍ॅम सुपरवायझर. मग पुढे: आय सॉर्ट शीट्स. आय टाय टॅग्ज. आय पुल ट्रॉली. आय फोल्ड फोर हंड्रेड शीट्स. असं करत दहा भरली. ओल्या चादरीचं इंग्रजी मला रोजच्या यादीमुळे येत होतं, तेवढंच भांडवल.

बाईंची तपासायची रीत वेगळी होती. त्या चुकीची फुली कधीच मारत नसत. चुकलेलं पेन्सिलीने सुधारायचं, विद्यार्थ्याने ते पुढच्या वेळी नव्याने लिहून आणायचं, आणि बरोबर आलं की लाल पेनाने त्याच्यापुढे बरोबरची खूण. तोवर ती जागा रिकामी. पुढच्या गुरुवारी मी दहाही वाक्यं सुधारून नेली. नऊ वाक्यांपुढे लाल खुणा झाल्या. पहिल्यापुढे नाही. मी बघितलं, तर त्यात बाईंनीच घातलेला छोटा अ होता, सगळं जागच्या जागी होतं. म्हटलं, वयामुळे राहून गेलं असेल. बाईंच्या वयामुळे.

त्या मला क्रियापदापासून शिकवायला लागल्या. "कोण काय करतं, ते आधी धरा. बाकीचं सगळं नंतर." मला ते पटकन पटलं नाही. मला विशेषणं आवडायची. निबंध लिहायला सांगितला की मी लिहायचो, आय अ‍ॅम ऑनेस्ट, सिन्सिअर, पंक्च्युअल अँड हार्डवर्किंग मॅन. बाई वाचायच्या आणि विचारायच्या, "म्हणजे केलंत काय?" मी पुढचं विशेषण शोधायला लागायचो. "व्याही, हे सगळं दुसऱ्याने तुमच्याबद्दल लिहायचं. तुम्ही काय केलं तेवढं लिहा, ती विशेषणं तो आपोआप लावेल."

क्रियाविशेषणापाशी माझी गाडी अडली. दोन गुरुवार गेले तरी विशेषण आणि क्रियाविशेषण मला वेगळी दिसेनात. बाईंनी फुलं सांगितली, पक्षी सांगितले, पळणारी मुलं सांगितली. शेवटी हात टेकून म्हणाल्या, "तुमच्या लॉन्ड्रीत काय काय असतं, ते तरी सांगा."

मी सांगायला लागलो. वॉर्डातून कपडा येतो. त्याला टॅग असतो: पांढरा, रक्ताचा, ऑपरेशनचा, लहान मुलांचा. टॅग बघून छाटणी करायची. मग मशीन. मशीन धुतं, पिळतं, वाळवतं. आणि मशीनला एक बटण असतं, हळू की जोरात, ते फिरवायचं. सांगता सांगता मीच थांबलो.

"बाई, म्हणजे कपडा हे नाम. टॅग हे विशेषण. मशीन क्रियापद. आणि बटण?"

बाईंनी चष्मा काढला. "बटण कशाला चिकटलेलं असतं?"

"मशीनला."

"कपड्याला नाही ना?"

"नाही."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "हे मला तीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं."

त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यातल्या पाट्या वाचत गेलो आणि प्रत्येक शब्दाला टॅग की बटण ते ठरवत गेलो. बायकोला रात्रभर शिकवलं. ती म्हणाली, मला परीक्षा नाहीये. पण मी हवेत होतो. पुढच्या गुरुवारी मी आणखी भाव खायचं ठरवलं आणि पहिल्या वाक्याचा निकाल लावायला बसलो. मला खात्री होती की बाईंना त्यात विशेषण हवंय. मी लिहिलं: आय अ‍ॅम अ गुड सुपरवायझर. खूण नाही. त्यापुढच्या वेळी: आय अ‍ॅम अ सिनिअर सुपरवायझर. खूण नाही. मग ऑनेस्ट लावून बघितलं, अ चा अॅन सुद्धा केला. बाईंनी तो अॅन बघून मान हलवली, बरं वाटलं त्यांना, पण लाल पेन काही उघडलं नाही.

शेवटी मी विचारलंच, "बाई, या वाक्यात काय चुकतंय?"

"व्याकरण चोख आहे," त्या म्हणाल्या. "पण लक्षात ठेवा, विशेषण कितीही चांगलं लावलं, तरी त्याने नाम खरं होत नाही."

ते मी वहीत नियम म्हणून उतरवून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. इतका मी अभ्यासू.

परीक्षा हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये झाली. आम्ही चौघे. पहिल्या प्रश्नात एक उतारा आणि त्यातल्या अधोरेखित तीस शब्दांची चार रकान्यांत वाटणी: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. मी बाह्या सरसावल्या. छाटणीच ती. पण फास्ट, हार्ड, अर्ली असले शब्द आले आणि मी अडकलो. एकदा बघावं तर टॅग, पुन्हा बघावं तर बटण. बाईंनी सांगितलं होतं, शब्द कोणाला टेकून उभा आहे ते बघा. मी बघितलं, पण घाबरल्यावर मला सगळेच एकमेकांना टेकून उभे दिसायला लागले.

आता आमच्या विभागातली एक गोष्ट सांगायला हवी. छाटणीच्या टेबलाशेजारी एक पिवळं पिंप असतं. त्याला आम्ही शंकेचं पिंप म्हणतो. ज्या कपड्याचा टॅग तुटलाय, किंवा डाग कशाचा ते कळत नाही, तो कपडा अंदाजाने कुठल्याही ढिगात टाकायचा नाही. तो शंकेच्या पिंपात. कारण एक चुकीचा कपडा लहान मुलांच्या ढिगात गेला, तर तो सगळा ढीग घेऊन कुठल्या तरी बाळाच्या अंगावर जातो. सत्तावीस वर्षांत माझ्या हातांना मेंदूपेक्षा ते जास्त ठाऊक झालंय. तर मी काय केलं, पट्टी घेतली, चार रकान्यांशेजारी पाचवा आखला, वर मराठीत लिहिलं "शंका" आणि नऊ शब्द त्यात टाकून मोकळा झालो. मोठं समाधान वाटलं. पेपर देऊन बाहेर आल्यावर बरोबरच्याने सांगितलं की त्याला येत नव्हते ते त्याने कुठेही टाकले, निम्मे तरी लागतील. तेव्हा मी हिशोब केला. नऊ शब्दांचे नऊ मार्क मी स्वतःच्या हाताने पिंपात टाकले होते. परीक्षेत चुकणारे पुष्कळ असतात, चुकीसाठी पट्टीने वेगळी जागा आखून देणारा मी एकटाच असेन.

त्या गुरुवारी मी बाईंकडे गेलो नाही. ताप आल्याचं कळवलं. पुन्हा एक थाप.

आठवड्याने तोंडी परीक्षेला बोलावलं. समोर मोठ्या मेट्रन. त्यांनी माझा पेपर पुढे धरला आणि इंग्रजीत विचारलं की हा पाचवा रकाना काय आहे. मला आधी वाटलं, सांगावं की मी प्रामाणिक, कष्टाळू वगैरे आहे. ऑनेस्ट हा शब्द ओठांपर्यंत आला. मग बाईंचा प्रश्न आठवला, म्हणजे केलंत काय? मी खाली टेबलाकडे बघत म्हटलं, "इन लॉन्ड्री, आय डोन्ट नो, आय डोन्ट गेस. आय कीप सेपरेट."

"अँड देन?"

"देन आय स्टॉप मशीन. आय गो टू वॉर्ड. आय आस्क."

मेट्रननी पेपर खाली ठेवला. मग मराठीत म्हणाल्या, "मागच्या वर्षी लहान मुलांच्या वॉर्डात जो कपड्यांचा घोळ झाला, तेव्हा छाटणीवर कोण होतं?"

"मी सुट्टीवर होतो, मॅडम."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या आणि जायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी पत्र हातात पडलं. पास. काठावर, पण पास. मी ते धुलाईखोलीच्या दारात उभ्याउभ्या तीनदा वाचलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, धुलाई कामगार यांना सुपरवायझर या पदावर बढती देण्यात येत आहे. डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला लाजत नाही. आणि लगेच घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदा दाखवावा असा कागद मिळाला होता आणि ज्यांना तो दाखवायचा, त्यांनाच दाखवता येत नव्हता. मुलीच्या सासरी फोन करून मी सांगितलं, "वरिष्ठ झालो." जावई म्हणाला, "वा, पत्राचा फोटो पाठवा." मी म्हटलं, "ऑफिसात ठेवून घेतलंय."

ते पत्र लपवायचं कुठे? आमच्या घरात खिशात राहिलेला कागद कोणी वाचत नाही, तो धुतला जातो. कपाटात बायकोचा हात सगळीकडे पोचतो. तिला माहीत होतं सगळं, पण ती आनंदाच्या भरात शेजारी दाखवेल आणि शेजारून ते कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून मी ते चार घड्या करून इंग्रजीच्या वहीच्या खाकी कव्हरात सरकवलं. व्याकरणाच्या वहीला कोण हात लावतं, असा माझा हिशोब.

दोन दिवसांनी काचेच्या खोलीतला पहिला दिवस संपवून मी घरी आलो. बायको म्हणाली, "मुलगी येऊन गेली. सासूबाईंनी वही मागितली होती, शेवटचं तपासायचं राहिलंय म्हणे. दिली मी."

मी खाली बसलो. मुलीचं तोंड डोळ्यांसमोर आलं. काहीही करा, पण मला खोटं पाडू नका. ती खोटी पडू नये म्हणून सहा वर्षं जपलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने पुरावा घडी करून, कव्हर घालून पाठवला होता. घडी मात्र उत्तम होती.

गुरुवारी गेलो. पर्यायच नव्हता. दार मुलीने उघडलं, ती नेहमीसारखी हसली, म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं. बाई खिडकीशी होत्या. मी बुटक्या खुर्चीत तिरका बसलो. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी आधी कव्हरात बोट घातलं. पत्र तिथेच होतं, फक्त माझ्या चार घड्यांच्या जागी नीट दोनच घड्या होत्या.

मग मी पहिलं पान उघडलं. आय अ‍ॅम अ सुपरवायझर. गुड नाही, सिनिअर नाही, ऑनेस्टही नाही, ते पहिलंच साधं वाक्य. त्याच्यापुढे लाल पेनाने बरोबरची खूण होती आणि खाली पत्रावरची तारीख.

मला वर बघवेना. "कधीपासून माहीत होतं?"

"त्या पहिल्या गुरुवारपासून," बाई म्हणाल्या. आवाज हळू होता, आत मुलगी होती. "सुपरवायझर दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालत नाही, व्याही."

"मग बोलला का नाहीत? फुली तरी मारायची."

"मी फुली मारत नाही. वाक्य बरोबर होईपर्यंत थांबते." त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "चला, नवं पान काढा. परीक्षा संपली म्हणून अभ्यास संपत नाही. एक वाक्य लिहा. तुमच्या मनाचं."

मी पेन्सिल उचलली. आतून कपबशांचा आवाज येत होता. मग लिहिलं: आय टोल्ड अ लाय.

बाईंनी चष्मा सारखा केला, वाक्य वाचलं आणि लाल पेन उघडून त्याच्यापुढे खूण केली.

"भूतकाळ बरोबर आलाय," त्या म्हणाल्या, आणि चहा झाला का ते बघायला आत गेल्या.